रानसशाच्या रक्तांतील प्रतिकारक पेशी व त्यांची मोजदाद

वणी, पांढरकवडा, राळेगांव किंवा दारव्हा, तालुका कोणताहि असो, भल्या पहाटे कपाशीच्या धुऱ्यावरून चालणाऱ्या शेतकऱ्यास ससा दिसला नाहीं असें फार दिवस घडत नाहीं. तुरीच्या ओळींत किंवा पडीक गवतांत अंगाएवढी खोलगट जागा करून तो दिवस काढतो, आणि रात्रीं हरभऱ्याचे शेंडे व सोयाबीनचीं कोवळीं पानें खातो. खंड न देणारें हें कूळ आमच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या वसलेलें आहे. जें आपण पेरतों तें तो खातो, जें आपण फवारतों तें त्याच्या अंगावर पडतें, व आपल्या गुरांचे गोचीड त्यालाहि लागतात. तेव्हां शिवाराच्या प्रकृतीविषयीं कांहीं समजून घ्यावयाचें असेल तर ह्या प्राण्याचें रक्त काय सांगतें हें पाहणें अगदींच निरर्थक नव्हे. त्या रक्तांतील प्रतिकारक पेशी कशा मोजतात, आणि मोजलेल्या आकड्यावर विश्वास कितपत ठेवावा, ह्याचा विचार ह्या लेखांत करावयाचा आहे. आमच्या मतें दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षां अवघड व अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपला रानससा आणि पिंजऱ्यांत पाळला जाणारा ससा हे एक नव्हेत. पाळीव सशाची जात मूळ युरोपांतील असून तो बीळ करून राहतो, व त्याचीं पिलें उघडीं व मिटल्या डोळ्यांचीं जन्मतात. रानससा बीळ करीत नाहीं. त्याचीं पिलें केसाळ अंगानें व उघड्या डोळ्यांनीं जन्माला येतात आणि लवकरच आपल्या पायांवर पळूं लागतात. दोघे एकाच कुळांतले असले तरी रक्ताचें कोष्टक एकाचें दुसऱ्यास लावणें म्हणजे म्हशीच्या दुधाच्या मापानें गाईची परीक्षा करणें होय. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत सशाचे म्हणून जे आकडे दिलेले असतात ते बहुतेक पाळीव सशाचे असतात, हें ध्यानांत असावें.

रक्तांत तांबड्या पेशी असंख्य व पांढऱ्या पेशी थोड्या असतात. पांढऱ्या पेशी हें शरीराचें राखणदार दल होय. ह्या पेशी जंतूंस गिळून टाकतात ही गोष्ट रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ ह्यांनीं १८८२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना येथें तारामाशाच्या पिलांत प्रथम ओळखली. त्याच सुमारास जर्मनींत पाउल एर्लिख ह्यांनीं निरनिराळ्या रंगांनीं पेशी रंगवून त्यांचे प्रकार वेगळे केले. ह्या दोघांस १९०८ चें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. मेचनिकॉफ ह्यांचे एक शिष्य वाल्डेमार हाफकिन ह्यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार करून ती १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेस त्यांचें नांव दिलेलें आहे. अंगीं रोगप्रतिकारशक्ति आहे किंवा नाहीं ही पूर्वीं केवळ अनुमानाची बाब होती; ती मोजण्याची बाब कशी झाली, ह्याची ही थोडक्यांत हकीकत.

सशाच्या पांढऱ्या पेशींत मुख्य दोन जाती ध्यानांत ठेवाव्यात. पहिली हेटेरोफिल. माणसाच्या रक्तांत जिला न्यूट्रोफिल म्हणतात, तिची ही सशांतील भावंड. जंतु शिरला कीं त्याच्यावर सर्वांआधीं धांवून जाणारी हीच. दुसरी लिंफोसाइट; ही शत्रूची ओळख पटवून घेते, प्रतिद्रव्यें तयार करविते आणि एकदां आलेला रोग लक्षांत ठेवते. ह्यांखेरीज मोनोसाइट, इओसिनोफिल व बेसोफिल अशा आणखी तीन जाती थोड्या प्रमाणांत असतात. जंत व गोचीड ह्यांचा उपद्रव वाढला तर इओसिनोफिल वाढण्याचा संभव असतो. सशाच्या हेटेरोफिलमधील कण तांबूस रंग घेतात, त्यामुळें माणसाचें रक्त तपासण्याची संवय झालेला मनुष्य त्यांस हटकून इओसिनोफिल समजतो. माणसाचें रक्त मोजण्यासाठीं केलेल्या स्वयंचलित यंत्रांसहि हीच भूल पडूं शकते. म्हणून सशाच्या रक्ताची कांच अनुभवी डोळ्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें अजूनहि सुटलेलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृति. दोन किलो वजनाच्या सशाच्या अंगांत रक्त सुमारें सव्वाशें मिलिलिटर असतें. एका वेळीं त्याचा दहावा भागहि काढूं नये. तपासणीस एक-दोन मिलिलिटर पुष्कळ होतें. कानाच्या कडेची किंवा पायाची शीर ह्यासाठीं घेतात. सशाचे डोळे कापडानें झांकले म्हणजे तो पुष्कळसा शांत होतो. मागच्या पायांस आधार न देतां त्यास उचलल्यास तो लाथ झाडतो, आणि त्या झटक्यानें त्याचाच कणा मोडतो; सशाचे मागचे पाय त्याच्या हाडांच्या मानानें फार जोरकस आहेत. काढलेलें रक्त गोठूं नये म्हणून ई.डी.टी.ए. घातलेल्या जांभळ्या बुचाच्या नळींत घेतात. त्यांतलाच एक थेंब कांचेवर पसरून लगेच वाळवावा व मेथिल अल्कोहोलांत पक्का करावा. वैशाखांत यवतमाळास पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. अशा उन्हांत मोटारीच्या पुढच्या फळीवर ठेवलेली नळी दुपारपर्यंत निरुपयोगी झाली तर नवल नाहीं. नळी थंडाव्यांत ठेवावी, परंतु बर्फास टेकवूं नये.

मोजण्याची जुनी रीत ही कीं, रक्त वीस पट पातळ करावयाचें. पातळ करण्याचें पाणी सौम्य ॲसेटिक आम्लाचें असतें. त्यानें तांबड्या पेशी फुटून जातात आणि पांढऱ्या तेवढ्या राहतात. (कोंबडीच्या रक्तास ही युक्ति चालत नाहीं, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतो व तो मागें उरून मोजदाद बिघडवितो. कुक्कुटपालन करणाऱ्या वाचकांनीं ही गोष्ट टिपून ठेवावी.) नंतर न्यूबावर नांवाच्या आंखलेल्या कांचेवर तो थेंब सोडतात. हिच्या चार कोपऱ्यांतील प्रत्येक चौरसाची बाजू एक मिलिमीटर व खोली एक दशांश मिलिमीटर असते. चारहि चौरसांत मिळून जितक्या पेशी दिसतील त्या संख्येस ५० नें गुणलें कीं एका घन मिलिमीटर रक्तांतील पांढऱ्या पेशींची संख्या मिळते. त्यानंतर कांचेवरील वाळविलेला थेंब लेशमन किंवा गिम्सा रंगानें रंगवून शंभर पेशी मोजावयाच्या, व त्यांत कोणत्या जातीच्या किती हें मांडावयाचें.

समजुतीसाठीं एक कल्पित उदाहरण घेऊं. एका सशाच्या रक्तांत चार चौरसांत १३२ पेशी आढळल्या. १३२ गुणिले ५०, म्हणजे ६,६०० झाल्या. शंभरांत हेटेरोफिल ४० व लिंफोसाइट ५० निघाल्या; म्हणजे प्रत्यक्ष लिंफोसाइट ३,३०० ठरल्या. दुसऱ्या सशांत १५० पेशी, म्हणजे ७,५०० भरल्या. परंतु शंभरांत हेटेरोफिल ६४ व लिंफोसाइट २८ होत्या, म्हणजे लिंफोसाइट २,१०० च. एकूण आकडा पाहणारा दुसऱ्या सशास अधिक सशक्त म्हणेल. जाति पाहणारा मात्र म्हणेल कीं, ह्याच्या लिंफोसाइट तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटल्या आहेत, तेव्हां ह्यास कांहीं तरी झालें आहे. पाळीव सशांतहि असा अनुभव आहे कीं, तीव्र रोग जडला असतां एकूण पेशी पुष्कळदां वाढत नाहींत, केवळ दोन जातींचें परस्पर प्रमाण उलटतें. म्हणून एकूण आकडा एकटा छापणें आम्हांस अर्धवट काम वाटतें.

परंतु त्या दुसऱ्या सशास झालें काय होतें? कदाचित् कांहींच नाहीं. त्याच्या मागें दोन कुत्रीं अर्धा तास लागलीं असतील, एवढेंच.

सगळ्या विषयाची मेख येथें आहे. प्राणी भ्याला कीं त्याच्या मूत्रपिंडावरील ग्रंथींतून स्राव सुटतात. पहिल्या कांहीं मिनिटांत शिरांच्या कडेस थांबलेल्या पेशी प्रवाहांत येतात व एकूण संख्या चढते. पुढच्या कांहीं तासांत हेटेरोफिल वाढत जातात आणि लिंफोसाइट रक्त सोडून इतर अवयवांत जातात. बाहेरून पाहणाऱ्यास हें चित्र रोगासारखेंच दिसतें. पाळीव ससा माणसाच्या हातास सरावलेला असतो. रानसशास माणसाचा हात म्हणजे मृत्यूच. वाघुरींत अडकून रात्रभर तडफडलेल्या सशाच्या रक्ताचा आकडा हा त्याच्या प्रकृतीचा आकडा नव्हे. तो त्या रात्रीचा आकडा होय.

कापूस विकणाऱ्या वाचकांस हें लवकर पटेल. खरेदी केंद्रावर काट्यावर किती वजन भरलें एवढ्यावर व्यवहार होत नाहीं. ओलावा किती तो पाहतात, व आठ टक्क्यांच्या वर गेला कीं भावांत कपात होते. सशाच्या रक्ताच्या आकड्यांत भय हा तसाच ओलावा आहे. तो मोजून वजा करण्याचें साधन पुरतें नसल्यामुळें त्याची नोंद तरी केलीच पाहिजे: जाळ्यांत केव्हां सांपडला, हातांत केव्हां धरला, सुई केव्हां टोंचली. घड्याळ न पाहतां काढलेलें रक्त आम्ही तरी मोजावयास घेणार नाहीं.

ऋतूचाहि असाच प्रश्न आहे. पावसाळ्यांत जंत व गोचीड बळावतात, उन्हाळ्यांत हिरवा चारा तुटतो, आणि गाभण मादीचें रक्त नरासारखें नसतें. म्हणून आषाढांतील सशाची तुलना चैत्रांतील सशाशीं करण्यांत अर्थ नाहीं. टिपेश्वरच्या अभयारण्यांतील ससा आणि त्याच पांढरकवडा भागांतील कपाशींतला ससा ह्यांची तुलना करावयाची, तर दोघेहि एकाच पंधरवड्यांत, एकाच रीतीनें व दिवसाच्या एकाच प्रहरीं धरलेले असले पाहिजेत. तरच जो फरक निघेल तो शेताचा व रानाचा म्हणतां येईल.

येथें कोणी म्हणेल कीं, एवढा खटाटोप कशाला, पिंजऱ्यांतला ससा घ्या व त्यावर प्रयोग करा. ह्यास उत्तर आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं असें दाखविलें कीं, प्रयोगशाळेच्या स्वच्छ पेट्यांत वाढविलेल्या उंदरांच्या प्रतिकारक पेशी तान्ह्या मुलासारख्या, अननुभवी राहतात; बाजारांत विकल्या जाणाऱ्या उंदरांबरोबर त्यांस ठेवलें, म्हणजे त्यांस जंतूंचा संसर्ग होऊन त्याच पेशी प्रौढ माणसाप्रमाणें पक्व होतात. ज्या प्राण्यानें धूळ, चिखल, गोचीड व उपास पाहिलेच नाहींत, त्याच्या रक्तावरून शिवारांतल्या प्राण्याविषयीं बोलणें धोक्याचें आहे.

अलीकडे मोजणीचें एक नवें यंत्र आलें आहे, त्यास फ्लो सायटोमीटर म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखालीं सर्व लिंफोसाइट जवळजवळ सारख्याच दिसतात, पण त्यांचीं कामें वेगळीं असतात: कांहीं मदतनीस, कांहीं मारेकरी, कांहीं प्रतिद्रव्यें करणाऱ्या. त्यांच्या अंगावर वेगवेगळे बिल्ले असतात. त्या बिल्ल्यास नेमकें चिकटणारें प्रतिद्रव्य प्रयोगशाळेंत तयार करून त्यास चमकणारा रंग जोडतात. ही कला कोलर व मिलस्टाइन ह्यांनीं १९७५ सालीं साधली, व १९८४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. रंगविलेल्या पेशी बारीक धारेंतून एकामागून एक लेसर किरणापुढून जातात, आणि ज्या चमकतात त्या यंत्र मोजतें. एका सेकंदांत हजारों पेशी मोजून होतात. जिल्ह्याजिल्ह्यांतील एच.आय.व्ही. उपचार केंद्रांमुळें ‘सीडी-४ ची तपासणी’ हे शब्द आतां खेड्यांतहि ठाऊक झाले आहेत. ती मोजणी मूळ ह्याच तत्त्वावरची. सशाच्या बाबतींत अडचण अशी कीं, बाजारांत मिळणारीं प्रतिद्रव्यें माणूस, उंदीर किंवा फार तर पाळीव ससा ह्यांसाठीं केलेलीं असतात. रानसशाच्या पेशींस त्यांतलीं कांहीं चिकटतात, कांहीं चिकटत नाहींत. न चिकटल्यास यंत्र शून्य दाखवितें, आणि पेशी नाहींत असा भलताच निष्कर्ष निघतो. म्हणून प्रत्येक प्रतिद्रव्य आधीं रानसशाच्या पेशींवर पारखून घ्यावें लागतें.

आतां हें सर्व शेतकऱ्यास कशासाठीं, ह्या प्रश्नाकडे वळूं. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर मृत्यु पावले व शेंकडों रुग्णालयांत पडले, हें दुःख कोणी विसरलेलें नाहीं. त्याच कपाशींत राहणाऱ्या प्राण्यांची गणती कोण करणार? पाळीव सशांस मिथिल पॅराथिऑन, कार्बारिल इत्यादि कीटकनाशकें थोडथोडीं चारून अमेरिकेंत केलेल्या व १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रतिकारसंस्थेच्या अवयवांवर त्यांचा परिणाम दिसून आला. मिथिल पॅराथिऑनानें लिंफोसाइट घडविणारी थायमस ग्रंथि आक्रसली. ह्या दोन्ही औषधांवर भारत सरकारनें २०१८ सालीं बंदी घातली. मात्र येथें सावधगिरी हवी. लिंफोसाइट घटल्या म्हणजे औषधच बाधलें असें म्हणतां येत नाहीं. विषाचें नांव पांढऱ्या पेशी सांगत नाहींत. सेंद्रिय फॉस्फरस गटाची बाधा पाहावयाची तर रक्तांतील कोलिनएस्टरेज नांवाचें विकर मोजावें लागतें, व तें त्याच नळींतल्या रक्तांतून होऊं शकतें. दोन्ही मोजण्या बरोबर झाल्या तरच कांहीं बोलावें.

घाईनें बोलण्याचा परिणाम काय होतो ह्याचें उदाहरण युरोपांत घडलें. १९८० नंतरच्या दशकांत स्वीडन व आसपासच्या देशांत रानससे पटापट मरूं लागले. प्रथम संशय शेतांतील औषधांवर व नव्या जातीच्या मोहरीवर्गीय पिकावर गेला. पुढें शोधाअंतीं तो यकृत नासविणारा विषाणु ठरला. ह्याच्या उलट बाजूचेंहि उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत क्रिमियांतील शेतें ओसाड पडलीं, शिकार थांबली, ससे बेसुमार वाढले व त्यांच्या अंगावर गोचीडहि वाढले. १९४४ सालीं पीक काढण्यास आलेल्या सैनिकांत रक्तस्रावी तापाची सांथ उठून सुमारें दोनशें जण आजारी पडले. त्याच क्रिमियन-काँगो तापाचे रोगी २०११ सालीं गुजरातेंत अहमदाबाद जिल्ह्यांत आढळले, व त्यांचें निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेनें केलें. ही संस्था १९५२ सालीं विषाणु संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांत क्यासनूर जंगलाचा माकडताप उद्भवला, तेव्हां तिच्या लोकांनीं रानांतील लहानमोठ्या प्राण्यांचें रक्त तपासून गोचिडाचा माग काढला. तोच माकडताप २०१६ सालीं सिंधुदुर्गांत दोडामार्गाकडे आला, हें वाचकांस ठाऊक असेल. अशा तपासणींत रक्तरसांतील प्रतिद्रव्यें पूर्वीं होऊन गेलेल्या रोगाची साक्ष देतात. पेशी आज चाललेल्या झुंजीची देतात. दोन्ही साक्षी हव्यात.

ससा हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित प्राणी आहे. त्यास धरणें, मारणें किंवा त्याचें मांस बाळगणें हा गुन्हा आहे. शास्त्रीय कामासाठीं रक्त काढावयाचें झाल्यास राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. तेव्हां हा लेख वाचून कोणीहि वाघूर घेऊन शेतांत जाऊं नये. ज्या आकड्यासाठीं जावयाचें तो आकडाच तशा रीतीनें बिघडतो, हें वर सांगितलें आहे.

शेतकऱ्यास करतां येण्याजोगें काम निराळें आहे. धुऱ्यावर मेलेला किंवा झोकांड्या खाणारा ससा दिसल्यास उघड्या हातानें शिवूं नये, सोलूं नये, कुत्र्यास घालूं नये. वनरक्षकास किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्याच दिवशीं कळवावें. नागपूरजवळ गोरेवाडा येथें महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचें वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वनखात्यामार्फत अशीं प्रेतें तेथें तपासणीस जाऊं शकतात. मेलेल्या सशाच्या पेशी मोजण्याजोग्या राहत नाहींत, पण यकृत, प्लीहा, पोटांतील चारा व अंगावरील गोचीड हीं सर्व बोलकीं असतात. जिवंत सशांची मोजणी करणारे पथक आपल्या शिवारांत परवान्यानिशीं आलेंच, तर त्यांस सर्वांत मोलाची वस्तु शेतकऱ्याच्या घरांतच सांपडेल: फवारणीची वही. तिच्यांत तारीख, शेताचें नांव, औषधाचें बाटलीवरील पूर्ण नांव, पंपास किती घातलें, वारा कोणीकडचा होता, आणि फवारणीनंतर पाऊस कोणत्या दिवशीं पडला, इतके रकाने असावेत. बहुतेकांच्या वहींत औषधाची किंमत तेवढी नोंदलेली असते. शेजाऱ्यानें आपल्या बांधालगत कधीं फवारलें, ह्यासाठीं आणखी एक रकाना ठेवल्यास बरें. सशास धुऱ्याची हद्द ठाऊक नसते.